पुढे लावलेली घड्याळे

आमच्या घरात चार घड्याळे आहेत, आणि त्या मंगळवारपर्यंत त्यांपैकी एकही खरे बोलत नव्हते. ही व्यवस्था माझी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एकतीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची चौदा सुपरवायझर म्हणून. बेचाळीस मुली हाताखाली होत्या. त्या वेळेवर याव्यात म्हणून हजेरीच्या खोलीतले घड्याळ मी पुढे लावून ठेवत असे. किती पुढे, हे मात्र कोणालाही सांगत नसे. घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे एवढे माणसाला कळले, की तो मनातल्या मनात पाच वजा करतो आणि पुन्हा उशिराच येतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तो फरक बदलत असे. कधी सहा, कधी अकरा, कधी आठ. मुली माझ्यामागे मला ‘काटा’ म्हणत. मला ते ठाऊक होते आणि खरे सांगायचे तर आवडतही होते.

आम्ही कॉल जोडायचो त्या बोर्डावरचे घड्याळ अर्थातच सेकंदापर्यंत खरे असे. त्या काळी लोक आम्हांला फोन करून वेळ विचारत आणि माझा आवाज ऐकून आपापली घड्याळे लावत.

निवृत्तीनंतर ही शिस्त मी घरी आणली. चारही घड्याळे पुढे, प्रत्येकाचा फरक वेगळा. आमच्या चिरंजीवांनी एकदा मोबाइल समोर धरून दिवाणखान्यातले घड्याळ ताडून पाहण्याचा आगाऊपणा केला. दुसऱ्याच दिवशी मी फरक बदलला. तो छापखान्यात काम करतो, सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि लग्नाला नऊ वर्षे झाली तरी दोघांपैकी कोणालाही एकदासुद्धा उशिराचा शेरा मिळालेला नाही. याचे श्रेय मी कधी मागितले नाही. त्यांनी ते आपण होऊन दिले असते, तर मात्र नको म्हटले नसते.

आमची नात सहा वर्षांची. तिला सगळे ठकू म्हणतात.

तिला पहिली फिट आली ती एका रविवारी दुपारी, चटईवर पालथी पडून चित्र काढत असताना. हातातला खडू कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढत गेला आणि मग तिचे सगळे अंग ताठ झाले. पुढे काय करायचे हे घरात फक्त मला माहीत होते, किंवा मला तसे वाटत होते. दातखीळ बसली की जीभ चावली जाते, म्हणून दातांत चमचा घालायचा. हे मला माझ्या आईने शिकवले होते आणि तिला तिच्या आईने. मी चिरंजीवाला तिचे पाय दाबून धरायला सांगितले आणि चमच्याची दांडी तिच्या दातांत घातली. सूनबाई ओरडत होती, “आई, नको, नको हो.” मी तिला गप्प बस म्हणाले. कट् असा आवाज झाला. वरचा एक दात तुटला आणि तुकडा कुठे गेला ते कळेना.

तो तुकडा श्वासनळीत गेला की काय हे पाहण्यासाठी इस्पितळात तिच्या छातीचे दोन फोटो काढले. त्या पाऊण तासात माझ्याशी कोणीही एक शब्द बोलले नाही. तुकडा छातीत नव्हता. दुसऱ्या दिवशी झाडताना चटईखाली तो मलाच सापडला, तांदळाच्या कणीएवढा. मी तो कागदात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला. का, ते सांगता येणार नाही.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारले, “चमचा कोणी घातला?” सूनबाईने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मीच म्हणाले, “मी.”

“आजी, त्या वेळी तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, चमचा नाही, बोट तर मुळीच नाही. दाबून धरायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं आणि घड्याळ बघायचं. बहुतेक वेळा आपोआप थांबते. पण पाच मिनिटं झाली आणि थांबली नाही, तर हे औषध. नाकपुडीत एक फवारा.”

“आणि जीभ गिळली तर?”

“जीभ गिळता येत नाही, आजी. हवं तर तुम्ही स्वतः प्रयत्न करून बघा.”

असले उर्मट उत्तर मला एकतीस वर्षांत कोणी दिले नव्हते. मी घरी आले, न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि प्रयत्न करून पाहिला. खरोखरच गिळता येत नाही.

सूनबाईने दोन महिने बिनपगारी रजा घेतली. त्या काळात दुसरी फिट आली, ती दीड मिनिटात थांबली. तेव्हा मी बाजारात गेले होते. मग दुकानातून निरोप आला, की आता यायचे असेल तर या, नाहीतर जागा भरतो. प्रश्न सरळ होता. दिवसा ठकूजवळ मी एकटी असणार. मी चालेन का?

हे मला तोंडावर विचारण्याची हिंमत कोणात नव्हती. चिरंजीव फक्त म्हणाला, “आई, दिवसाला कोणी बाई ठेवूया का सोबतीला?”

“कोणाच्या सोबतीला?” मी विचारले. तो वर्तमानपत्राच्या आड गेला.

सूनबाई त्याच्यापेक्षा धीट. तिने एका कागदावर ठळक अक्षरांत सूचना लिहिल्या आणि तो फ्रिजच्या दारावर लावला.

“मला वाचता येतं, सूनबाई.”

“वाचायला नाही लावला आई, पाठ करायला लावलाय.”

मग तिने मला लोडावर सराव करायला लावला. लोडाला खडूने नाक काढले. ठकूने त्याला मिशाही काढल्या आणि मग तिलाच राग आला, “आजी, ही मी नाहीये. मला मिशी कुठंय?” मी लोड कुशीवर वळवला, रिकामी बाटली लोडाच्या नाकाला लावून दाबली. औषध आधी फ्रिजवर ठेवलेले होते. खाली बसल्यावर पुन्हा उठताना माझा गुडघा अडला, ते सूनबाईने पाहिले. तिने एक लाल पिशवी आणली, औषध तीत घातले आणि पिशवी फ्रिजच्या मुठीला, बसल्या जागी हाताला येईल अशी बांधली. माझा कमीपणा तिने इतक्या गुपचूप झाकला, की मला तो जास्तच बोचला.

“पाच मिनिटं,” ती म्हणाली. “त्याआधी घाई नको, त्यानंतर उशीर नको. वेळेचं तुम्हांला मी काय शिकवणार?”

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

ती सोमवारी कामावर गेली. मंगळवारी ठकूला सर्दी झाली, अंगही किंचित कोमट लागत होते, म्हणून मी तिला शाळेत पाठवले नाही. सकाळी स्वयंपाकघरात लहान स्टुलावर बसून ती मटार सोलत होती आणि दाणे मोठ्याने मोजत होती. ही माझी युक्ती होती. आवाज ऐकू येत असला म्हणजे मी दुसरी कामे करू शकत होते. मी बादली घेऊन दिवाणखान्यापलीकडच्या सज्जात कपडे वाळत घालायला गेले.

“एकशे चार, एकशे पाच, आजी, यात अळी आहे.”

“बाजूला टाक. पुढे मोज.”

“एकशे सहा...”

मी चादर झटकली, ओढून दोरीवर पसरली, चिमटे लावले. चादरीमागून रस्त्यावरच्या कुठल्याशा गाडीचा भोंगा ऐकू आला. खांद्यावरचा ओला टॉवेल घ्यायला मी हात नेला, आणि आतून स्टूल पडल्याचा आवाज आला.

मी धावले. दिवाणखाना ओलांडताना नजर भिंतीकडे गेली. ती सवय हाडांत भिनलेली आहे, बोर्डावर दिवा लागला की आधी घड्याळ. अकरा बावीस.

ठकू टेबलाचा पाय आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पडली होती. मटार सगळीकडे. तिचे डोळे एका बाजूला वळले होते आणि ते मला पाहत नव्हते. हात कोपरात दुमडून एकाच ठेक्यात आदळत होते, टाचा फरशीवर आपटत होत्या, आणि डोके दर झटक्याला टेबलाच्या पायाकडे जात होते. मी गुडघ्यांवर पडले, तिला कुशीवर वळवले, ओला टॉवेल घडी करून डोक्याखाली दिला आणि माझी मांडी तिच्या डोक्याच्या आणि टेबलाच्या पायाच्या मध्ये घातली. तोंडातून फेस येत होता. ओठ जांभळट दिसू लागले. तिच्या घशातून जो आवाज येत होता तो माझ्या नातीचा नव्हता.

टेबलाच्या कडेला एक चमचा होता. मी त्याच्याकडे पाहिले. माझा हात त्याच्याकडे गेलासुद्धा, हे मी लपवणार नाही; साठ-सत्तर वर्षांचे शिक्षण दोन महिन्यांत निघून जात नाही. मी तो चमचा उचलला आणि दारापलीकडे भिरकावला.

मग मी वर पाहिले. स्वयंपाकघरातल्या घड्याळात अकरा एकोणीस झाले होते.

आवाज आला अकरा बावीसला, आणि आता वाजले होते अकरा एकोणीस. क्षणभर मला खरोखर असे वाटले, की हे अजून घडलेच नाही. मग भान आले. दिवाणखान्यातले घड्याळ या महिन्यात किती पुढे होते? अकरा मिनिटे? की ते गेल्या महिन्यात? एक तारखेला ठकूची तपासणी होती. त्या धांदलीत मी कोणकोणत्या घड्याळाचे काटे फिरवले आणि कोणत्याचे राहिले? सहा, आठ, अकरा, तेरा, सगळे आकडे डोक्यात आले आणि एकही जागेवर बसेना. जे मी साऱ्या घरापासून लपवले होते, ते आता मलाच सापडत नव्हते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. एकशे सहानंतरचा आकडा मी ऐकलाच नव्हता. स्टूल पडण्याआधी ती किती वेळ गप्प होती? चादर पसरायला किती वेळ लागतो?

फोन कमरेला होता. एक आकडा दाबून ठेवला की सूनबाईला लागतो, हे तिनेच करून दिले होते. मी फोन मोठ्या आवाजावर टाकून फरशीवर ठेवला.

“आई?”

“फिट आली आहे. कुशीवर आहे. तोंडात काही घातलेलं नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “किती वेळ झाला?”

एक्स्चेंजमध्ये हा प्रश्न मला दिवसातून शंभरदा विचारला जाई आणि मी कधी अडखळले नाही. तेव्हाही अडखळले नाही. “तीन मिनिटं,” मी ठाम आवाजात म्हणाले.

“नक्की? कधी सुरू झाली?”

“अकरा बावीसला.”

“आई, आत्ता अकरा अकरा झालेत.”

ठकूच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. तो आवाज फोनमधून तिच्या आईला ऐकू जात असणार.

“आई, दिवाणखान्यातलं घड्याळ किती पुढे आहे?”

मला उठून जाऊन पाहता आले असते. दहा पावले. ते घड्याळ आता काय दाखवते एवढे पाहिले असते, तर निदान स्टूल पडल्यापासूनची मिनिटे कळली असती आणि माझा शब्द राहिला असता. मी तिच्या डोक्याशेजारची मांडी किंचित हलवली. तेवढ्यात तिचे डोके टेबलाच्या पायावर आपटले.

“आई, बोला ना! तिच्याजवळून उठू नका हं.”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणाले.

“काय?”

“मला ठाऊक नाही किती वेळ झाला. तीन मिनिटं मी उगाच म्हणाले. मी सज्जात होते. तिचा आवाज कधी बंद झाला ते मी ऐकलं नाही. घड्याळं किती पुढे आहेत तेही मला आठवत नाही. सूनबाई, तिचे ओठ जांभळे झालेत.”

मी वाटच पाहत होते, की आता ती मला जे बोलायचे ते बोलेल. तिने बोलायला हवे होते.

“मग पाच झाली असंच धरायचं,” ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, शब्द मात्र स्वच्छ होते. “औषध द्या. लाल पिशवी. मी दुकानाच्या फोनवरून गाडी बोलावते, हा फोन बंद करू नका.”

लाल पिशवी हाताला लागली. झाकण निघेना. दातांनी वेष्टण फाडले. नळी नाकपुडीत धरली आणि लोडावर दाबली होती तशी दाबली. “दिलं,” मी फोनकडे ओरडले.

“अकरा बारा,” ती म्हणाली. “मी लिहून घेतेय. आता श्वास बघा.”

या औषधाने कधी कधी श्वास मंद होतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. म्हणजे मी दिले नसते तरी भीती आणि दिले तरी भीती. फिट तशीच चालू होती. मी घड्याळाकडे पाहिले नाही. मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवून मोजू लागले. परगावचा कॉल तीन मिनिटांचा असे, आणि तीन मिनिटे संपताना मध्ये बोलून सांगावे लागे. ती तीन मिनिटे माझ्या अंगात मुरलेली आहेत. एका कॉलइतके मोजेन, मी ठरवले, आणि मोजू लागले. पण साठाच्या पुढे आकडे चुकू लागले, मी पुन्हा एकापासून सुरुवात केली, पुन्हा चुकले. फोनमधून सूनबाई कोणाला तरी आमचा पत्ता सांगत होती. मजला, दाराचा रंग, जवळची खूण. तिने तो जसा सांगितला तसा माझ्या बेचाळीस मुलींपैकी एकीनेही सांगितला नसता.

झटक्यांमधले अंतर वाढले. एक. मग बराच वेळ नाही. मग एक. मग खांद्यापाशी नुसती थरथर. आणि मग काहीच नाही.

ते काहीच नसणे सगळ्यांत वाईट होते. तिचे अंग माझ्या मांडीवर सैल पडले, मान लुळी, आणि माझ्या हाताखाली बरगड्या हलल्या नाहीत. मी तिच्या तोंडाजवळ गाल नेला. माझेच काळीज इतके धडधडत होते, की दुसरे काही कळेना.

“आई? आई, काय झालं?”

“थांब,” मी म्हणाले.

गालाला कोमट वारा लागला. मग घोरल्यासारखा एक लांब, ओला श्वास. मग दुसरा. तोंडातला फेस मी टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच पुसला. ओठांवर हळूहळू रंग येत होता.

“थांबली,” मी म्हणाले. “श्वास चालू आहे. झोपली आहे.”

एक मोठी बाई दुकानात गिऱ्हाइकांसमोर रडताना जसा आवाज होतो, तसा आवाज फोनमधून आला. मी तिला गप्प बस म्हणाले नाही.

गाडीबरोबर आलेला माणूस दणकट होता आणि त्याचे बोलणे अगदी हळू होते. त्याने ठकूच्या बोटाला चिमटा लावला, डोळ्यांत उजेड टाकला, आणि विचारले, “किती वेळ चालली, आजी? औषध कधी दिलंत?”

मी भिंतीकडे बोट केले. “हे घड्याळ खोटं आहे. खरी वेळ माझ्या सुनेकडे आहे.” आणि फोन त्याच्या हातात दिला.

ठकू तासाभराने इस्पितळात जागी झाली, पाणी मागितले, आणि सांडलेले मटार पुन्हा मोजावे लागणार का असे तिने रडवेल्या आवाजात विचारले. संध्याकाळी आम्ही घरी आलो. चिरंजीवाने बूट काढायच्या आत विषय काढला. “आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे असं एकटीवर...”

“मी उद्या कामावर जाणार आहे,” सूनबाई मध्येच म्हणाली.

“अगं, पण आज...”

“आज आईंनी मला खरं सांगितलं. मला तेवढंच हवंय. घरात बाई ठेवलीस आणि तिने तीन मिनिटं म्हणून दडपून सांगितलं, तर काय करशील?”

मी खाली पाहिले. त्या तीन मिनिटांबद्दल ती नवऱ्याला अधिक काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

“एक काम राहिलं आहे,” मी म्हणाले. “खुर्ची आण.”

चिरंजीव खुर्चीवर चढला. मी खालून हुकूम सोडले, कारण ते काम दुसऱ्या कोणाला जमत नाही. दिवाणखान्यातले घड्याळ चौदा मिनिटे पुढे निघाले. स्वयंपाकघरातले नऊ. म्हणजे स्टूल पडल्यापासून औषध देईपर्यंत चार मिनिटे गेली होती, आणि त्याआधीची जी मिनिटे मी चादरीमागे होते, ती कोणत्याच घड्याळात नाहीत. सूनबाईने बोटांवर हिशेब केला, मग केलाच नसल्यासारखी बोटे मिटली.

“आई, माझ्या खोलीतलं तरी राहू दे ना पुढे,” चिरंजीव वरून म्हणाला. “मला उशीर होईल.”

“होऊ दे.”

मग मी सूनबाईकडे वळले. आयुष्यभर लोकांनी मला जे विचारले, ते मी पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला विचारले. “बरोबर वेळ सांग.”

तिने मोबाइल समोर धरला. “सात वाजून अठरा मिनिटं. आता एकोणीस होतील... झाली.”

“लाव,” मी वर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवाला बारा मिनिटे उशीर झाला. बुधवार गेला, गुरुवार गेला. सज्जात मी आता एका वेळी एकच कपडा घालते आणि प्रत्येक कपड्यामागे आत एक फेरी मारते. कपडे वाळत घालायला दुप्पट वेळ लागतो. शुक्रवारी ठकू पुन्हा मटार घेऊन बसली, आणि मी उशीचा अभ्रा दोरीवर टाकत असताना त्र्याऐंशीनंतर चौऱ्याऐंशी आलेच नाही. मी अभ्रा तसाच सोडून धावले, वाटेत घड्याळ पाहिले, दारात पोहोचले.

ती स्टुलावर बसली होती. गाल फुगलेले.

“ठकू! आवाज का थांबला?”

तिने घास गिळला. “चौऱ्याऐंशी मी खाल्ला, आजी,” ती म्हणाली. “मोजू का तो?”

“मोज,” मी म्हणाले, आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. “मोठ्याने मोज.”